फ्रीजमधली घोंगडी

पाण्यात टाकायला बर्फ हवा म्हणून बनाबाईंनी फ्रीजचं वरचं दार उघडलं आणि त्या जागीच थबकल्या. बर्फाच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, त्यांच्या वडिलांनी विणलेली घोंगडी कोंबलेली होती.

लेकानं जातीबाहेर लग्न केलं म्हणून दोन वर्षं त्या या घरात आल्या नव्हत्या. माहेरची घोंगडी तेवढी लेकाच्या हाती दिली होती. आज दवाखान्याच्या कामाला शहरात आल्या, म्हणून तासभर टेकल्या होत्या.

"घोंगडी ठेवायची ही काय जागा हाय?"

सून केतकी गडबडली. "आई, कपाटात कसर लागली होती. बारीक पाखरं उडत होती. गारठ्यानं त्यांच्या अळ्या, अंडी मरतात, म्हणून चार दिवस आत ठेवलीय. घोंगडीला भोक नाही पडलेलं, शप्पथ!"

बनाबाईंनी घोंगडी उलगडून बोटांनी कोपरान् कोपरा चाचपला. मग त्या एकदम हसत सुटल्या. "बाई गं! जन्मभर हिनं आमची थंडी पळवली, आन् तू हिलाच गारठवलंस!"

दोघी कामाला लागल्या. बनाबाईंनी गच्चीवर उन्हात घोंगडी झटकली. केतकीनं कपाटाच्या फटा ब्रशनं घासल्या, कडुनिंबाच्या सुक्या पाल्याच्या पुरचुंड्या बांधल्या आणि घोंगडी सुती पिशवीत घालून पिशवीचं तोंड शिवून टाकलं.

संध्याकाळची एसटी बनाबाईंनी मुद्दाम चुकवली. गावच्या शेजारणीला फोन लावून त्या मोठ्यानं सांगत होत्या, "आज न्हाई येत. आगं, माझी सून लई हुशार हाय. तुझ्या घोंगड्यांना कसर लागलीया न्हवं? दे पाठवून हिकडं!"