पांढऱ्या पाटल्या

"पाटल्या काढ," मथुराबाई म्हणाल्या.

प्रेमलाच्या हातातला ताकाचा गडू हिंदकळला. तसा तो हल्ली रोजच हिंदकळायचा. हात थरथरायचे, हिरड्या सुजायच्या, सकाळी उशी लाळेनं ओली असायची. पण आजची थरथर भीतीची होती. पाटल्या सासूबाईंच्याच होत्या. कुंकू पुसलं गेलं तेव्हा मथुराबाईंनी त्या उतरवल्या होत्या आणि लग्नात आपण होऊन सुनेला दिल्या होत्या. ते चोख सोनं आता चांदीसारखं पांढरं पडलं होतं. प्रेमलानं राखेनं घासून पाहिलं, रिठ्याच्या पाण्यात भिजवून पाहिलं. पांढरेपणा ढिम्म हलला नव्हता.

मथुराबाईंनी पाटल्या कापडात बांधल्या, अलवणाचा पदर डोक्यावर ओढला आणि सोलापूरच्या त्या रणरणत्या उन्हात त्या चालू लागल्या. कुठं, कशाला, एक अक्षर नाही.

आता आपली रवानगी बार्शीला, माहेरी, हे प्रेमलानं ओळखलं. तिचं लग्न तोंडाच्या रंगावर ठरलं होतं, आणि तो रंग तिचा नव्हता. मुळात ती चांगली काळी. कितीतरी स्थळं पोहे खाऊन, ढेकर देऊन परत गेली होती. मग आईनं बाजारातल्या एका मलमवाल्याकडून डबी आणली. तोंडाला आणि हातांना रोज चोळायची. महिन्या-दोन महिन्यांत पोर उजळली आणि सोलापूरचा होकार आला. पण लावणं थांबवलं की रंग परततो, हे त्या मेल्यानं सांगितलंच नव्हतं. म्हणून डबी पेटीतून सासरी आली, लुगड्यांच्या खाली. बार्शीहून कुणी आलं की नवी डबी यायची. मुकुंदा, तिचा नवरा, रेल्वेच्या हापिसात कारकून. त्याला पत्ताच नाही. नवऱ्यांना काय, पोळी करपली तर तेवढी कळते.

आणि हे घर तरी कसं मिळालं होतं. मथुराबाई जिभेला तिखट, पण तव्यावरची गरम पोळी सुनेच्या पानात वाढायच्या. मुकुंदा संध्याकाळी तिला वाचायला शिकवायचा. देवापुढं दिवा लावताना प्रेमला रोज मनात म्हणायची, देवा, तुझे उपकार फिटायचे नाहीत. आणि रोज त्याच हातांनी मलम लावायची. अशा माणसांना आपण फसवतोय, हे तिला हिरड्यांपेक्षा जास्त दुखायचं.

मथुराबाई परतल्या त्या घामानं निथळत. त्यांनी कापड सोडलं. पाटल्या पुन्हा पिवळ्याधमक झाल्या होत्या.

"सोनारानं आगीत धरल्या. पारा चढला होता म्हणे. सोन्याला खातो तो. आता सांग, माझ्या घरात पारा आला कुठनं?"

प्रेमलानं डबी आणून समोर ठेवली. "सासूबाई, मी गोरी नाही. आम्ही तुम्हाला फसवलं. परत पाठवायचं असेल तर आजच पाठवा. पण घालवताना रागावू नका. तुम्ही फार चांगलं वागवलंत मला."

मथुराबाईंनी डबीचा वास घेतला. मग परसात जाऊन, आडापासून लांब, हातभर खड्डा खणून ती पुरली. प्रेमला मागोमाग गेली.

"मी दुपारभर गच्चीवर उन्हात बसते," ती म्हणाली. "मूळचा रंग लवकर येईल. निदान जाताना तरी खरी जाईन."

"बस की. परवा मुकुंदा त्याच्या हापिसातल्या साहेबाच्या मडमेचं सांगत होता, ते कानावरनं गेलं वाटतं. तिकडं विलायतेत तांबूस दिसायची टूम निघालीय म्हणून बाई भर दुपारी अंगणात पडून राहिली. पाठभर फोड येऊन आता दवाखान्यात पालथी पडलीय. तिला काळं व्हायचंय, तुला गोरं. देवानं तुमची अदलाबदल केली असती तर डॉक्टरला झोप तरी मिळाली असती."

प्रेमलाला रडता रडता हसू आलं.

"हसू नको. उन्हानं कातडं भाजतं, तेही वाईटच. पण ते दिसतं तरी, माणूस सावलीत पळतो. हा पारा गुपचूप आत मुरतो. सोन्याला सोडत नाही तो हाडामासाला सोडेल होय? हेही नको आणि तेही नको. उद्या मुकुंदाबरोबर डॉक्टरकडे जा. रंग त्याचा तो येईल, यायचा तेव्हा."

"म्हणजे मला पाठवणार नाही? पण सासूबाई, तुम्ही गोरी मुलगी बघून होकार दिला होता."

मथुराबाई आडाच्या कट्ट्यावर बसल्या. त्यांनी सुनेचे हात ओढून पाटल्या चढवल्या.

"बघायला आलो तेव्हा मी कुठं बसले होते? माजघरात, दाराआड. विधवा बाई, शुभकार्यात पुढं कशी येणार? बाहेर सगळे तुझं तोंड बघत होते. तू सांगितले तेवढे नमस्कार केलेस आणि कुणी न सांगता आत येऊन माझ्या पायांवर डोकं ठेवलंस. हे गेल्यापासून तसं कुणी वाकलं नव्हतं गं. तेव्हाच दिसली तुझी मान, अंबाड्याखाली, काळीभोर. आईनं तिथं मलम लावलंच नव्हतं. पुढंही तुझं तोंड आणि मान निराळी दिसायची, मला वाटलं पावडर फासतेस, नव्या नवरीची हौस. गप्प बसले, ते चुकलं माझं."

"मग होकार?"

"तो मी तिथंच, दाराआडून दिला," मथुराबाई म्हणाल्या. "तुझं तोंड मी नीट बघितलं ते लग्न झाल्यावर."