पोलादाचं पाणी

“अठ्ठेचाळीस. पाचही पात्यांना अठ्ठेचाळीस,” कारखान्याचे मालक हिंमतराव वहीत बघत म्हणाले आणि चहाचा पहिला कप त्यांनी उत्कर्षाच्या हातात दिला.

नागोराव भट्टीपाशी उभे होते. बावीस वर्षं तो पहिला कप त्यांचा होता.

मार्केट यार्डामागच्या त्या कारखान्यात गवत कापायच्या यंत्रांची रिळं बनत. गोल फिरणारी पाच पीळदार पाती, खाली एक आडवी पट्टी. पात्यांना पाणी द्यायचं, म्हणजे तापवून कडक करायचं काम नागोरावांचं. पोलाद भट्टीत लाल झालं की नुसता रंग बघून ते सांगत, “आता काढा.” मग तेलात बुडवायचं. त्यांच्या डोळ्याला हिंमतरावांनी कधी प्रश्न विचारला नव्हता.

मग नव्याण्णव साली हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपन्यांच्या हिरवळी पसरू लागल्या आणि कारखान्यात कर्वेनगरची उत्कर्षा आली. डिप्लोमा झालेली, चोवीस वर्षांची. तिने पोलादाचा कडकपणा मोजायचं यंत्र मागवलं. चाचणीपुरती विजेची भट्टीही आणवली. तिच्या पात्यांचा आकडा सगळीकडे सारखा. नागोरावांचा कुठे त्रेचाळीस, कुठे एक्कावन्न. आकडे तिने कोणाला वाचून दाखवले नाहीत, पण वही टेबलावर उघडी असे.

“मॅडमचा थर्मामीटर ताप मोजतो,” नागोराव इतरांना सांगत. “औषध द्यायला वैद्यच लागतो.” लोक हसत. उत्कर्षाही हसे आणि ते हसणं त्यांना जास्त लागे.

एका कंपनीने मोठी ऑर्डर देऊ केली. अट एकच, धार टिकली पाहिजे.

“दोघांचं एकेक रीळ त्यांच्या हिरवळीवर दीड महिना चालवू,” हिंमतरावांनी ठरवलं. “ज्याचं टिकेल त्याची भट्टी ठेवू. दुसरी बंद.”

रंग दिल्यावर दोन्ही रिळं जुळ्या भावंडांसारखी दिसत होती. ओळखायला तारेने चिठ्ठ्या बांधल्या. एकीवर ‘ना’, दुसरीवर ‘उ’.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेले तरी नागोराव हात धूत रेंगाळले. वहीतला अठ्ठेचाळीसचा आकडा डोळ्यांपुढून हलत नव्हता. आपलं रीळ हरणार, हे त्यांना मनातून ठाऊक होतं. बावीस वर्षांत त्यांनी कारखान्यातला एक खिळा घरी नेला नव्हता. त्यांनी तारा सोडल्या, चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, तारा पुन्हा पिळल्या आणि घर गाठलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. सोमवारी रिळं यंत्रांत बसवली आणि चिठ्ठ्यांवरची अक्षरं यंत्रांवर रंगवली.

दीड महिन्याने तिथला माळी, शंभू, दोन्ही यंत्रं टेम्पोत घालून परत घेऊन आला. हिंमतरावांनी रिळांत वर्तमानपत्राचा कागद धरून पाहिला. ‘ना’च्या रिळाने कागद चावल्यासारखा फाडला. ‘उ’च्या रिळाने सर्रकन कापला.

“उत्कर्षा,” हिंमतराव एवढंच म्हणाले.

नागोरावांना आधी काही कळेना. मग कळलं. ‘उ’ची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्याच रिळाला बांधली होती. म्हणजे यंत्र, आकडे, डिप्लोमा, सगळं झूट. डोळाच खरा होता. आणि ते सांगायला तोंड राहिलं नव्हतं.

त्यांची भट्टी विझली. त्यांना पॅकिंगला बसवलं. खोकी बांधता बांधता कानावर पडे, हिंमतराव पाहुण्यांना सांगताहेत, “ही आमची उत्कर्षा. पोलादाला पाणी द्यावं तर हिनं.” नागोराव सुतळीला अशी गाठ मारत की बोट कापे. माझ्या पाण्यावर ही मिरवते आहे.

दोनदा ती त्यांच्याजवळ आली. “काका, जरा बोलायचं होतं,” म्हणाली आणि न बोलताच परत गेली. कीव करायला येते, असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात हिंमतरावांनी तिचा पगार वाढवला. त्या दिवशी मात्र नागोरावांना राहवेना. काम सुटल्यावर ते तिच्या मागोमाग स्वारगेटच्या स्टॉपपर्यंत गेले.

“उत्कर्षा, मला चोर म्हण, काय म्हणायचं ते म्हण,” ते म्हणाले. “पण ते जिंकलेलं रीळ माझं होतं.”

ती दचकली नाही. तिचे डोळे भरून आले.

“माहीत आहे, काका. रोज सांगायचं ठरवते. धीरच होत नाही.”

“म्हणजे पाहिलंस तू मला?”

“काय करताना?”

“चिठ्ठ्या बदलताना. त्या शुक्रवारी, संध्याकाळी, सगळे गेल्यावर.”

कर्वेनगरची बस येऊन थांबली. लोक चढले, बस निघून गेली. उत्कर्षा जागची हलली नाही.

“पण काका,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “तुमची भट्टी राहावी म्हणून मी त्या दुपारीच चिठ्ठ्या एकदा बदलल्या होत्या.”