दोन तिकिटं

आंबा घाटाच्या तिसऱ्या वळणावर त्याच्या आईला गाडी लागली. पदराच्या गाठीतलं लिंबू सोडून नाकाशी धरेपर्यंत सगळं लुगड्यावर आलं. मागच्या सीटवरच्या दोघी पोरी नाकाला रुमाल लावून "ईऽऽ" करत सरकल्या. त्या त्याच्याच कॉलेजात निघाल्या होत्या. मलकापूरला ओळख झाली, तसा तो आईजवळून उठून त्यांच्या शेजारी येऊन बसला होता. आता त्यानं खिडकीबाहेर नजर लावली, जणू ती बाई कोण कुठली!

घाट उतरल्यावर साखरप्याला तिकीट तपासनीस चढला. पोराचा हात खिशात गेला तो तिथंच राहिला. दोन्ही तिकिटं आईपाशी होती.

पुढून आईनंच कसाबसा हात वर केला. "सायेब, त्याचं तिकीट हिकडं हाय."

"मुलगा का तुमचा?"

तिनं वळून आधी पोरींकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "न्हाई. शेजारणीचा हाय. मी निस्ती पोचवाय चाललीया."

रत्नागिरी स्टँडवर त्या पोरी दिसेनाशा होईपर्यंत ती नळावर तोंडच धूत राहिली. मग त्याची वळकटी डोक्यावर घेऊन चार पावलं मागून चालू लागली.

बावीस वर्षांनी ऑफिसात चहाच्या वेळी जो तो आपला सगळ्यात वाईट प्रवास रंगवून सांगत होता. त्याची पाळी आली. आईला जाऊन वर्ष झालं होतं.

"आंबा घाटातला," तो म्हणाला. "गाडीत एक बाई होती..."

आणि चहा तसाच ठेवून तो उठला.