पाचपैकी पाच

पाटी लावायला योजनेच्या साहेबांना शिंपीणबाईंचीच भिंत पसंत पडली. गल्लीच्या तोंडाशी, येताजाता दिसणारी. विचारण्याची पद्धत नव्हती. सोबतच्या मिस्त्रीने खडूने चार खुणा केल्या, साहेबांनी मान डोलावून त्या मंजूर केल्या आणि मग कुठे घरमालकिणीकडे लक्ष गेलं.

"अभिनंदन, मावशी. शहरातल्या सगळ्या गल्ल्यांत तुमची पहिली आली."

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. पाटीवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भीतिमुक्त गल्ली'. खाली पैसे देणाऱ्या संस्थेचं नाव, त्याहून मोठ्या अक्षरांत. कुणी कुणाचं भलं केलं ते लांबूनही वाचता यावं, एवढी काळजी मात्र घेतलेली होती.

"छानच झालं की. पण आमच्या पोलीसताई चार दिवस दिसल्या नाहीत. रजेवर आहेत का?"

"त्यांचं इथलं काम संपलं ना, मावशी."

साहेबांनी समजावून सांगितलं. समजावण्याची त्यांना हौसच होती. वस्तीत पायी फिरणाऱ्या पोलिसाचा पगार संस्था देते. पैसा मोजका, गल्ल्या ढीगभर. म्हणून तज्ज्ञांनी असं ठरवलं, की निधी भीतीप्रमाणे वाटायचा. जिथे भीती जास्त, तिथे पोलीस. मागच्या महिन्यात घरोघर जाऊन विचारलं, तेव्हा या गल्लीने झाडून सगळ्या घरांतून सुरक्षिततेला पाचपैकी पाच गुण दिले होते.

शिंपीणबाईंनी कपाळावर हात मारला. पोलीसताईंचं नाव व्हावं, वरून शाबासकी मिळावी, म्हणून त्यांनीच दारोदार सांगितलं होतं, पाचच द्या, हात आखडू नका. शेजारची म्हातारी चारवर अडली होती. तिच्याशी चांगलं तासभर भांडून त्यांनी पाच करून घेतले होते. काय हा शहाणपणा सुचला मला, असं त्यांना झालं.

"अहो साहेब, ताई येतात म्हणून भीती नाही. ताई गेल्या की ती आलीच!"

"आली की कळवा. पुढची पाहणी दीड वर्षाने आहे."

आत लेक काजं करत बसली होती. नवऱ्याने मोडलेलं मनगट अजून धड वळत नसल्यामुळे एकेका काजाला तिला दुप्पट वेळ लागायचा. सात महिन्यांपूर्वी ती माहेरी आली, तेव्हापासून तो रोज कोपऱ्यावरच्या खांबाला टेकून उभा असायचा. आत्ताही होता. संध्याकाळी पोलीसताई फेरीवर आल्या, की दाराच्या पायरीवर बसून पाणी प्यायच्या आणि जाताना त्याला विचारायच्या, "काय रे, घर विसरलास का?" बस्स, एवढंच. पण तो निमूट चालता व्हायचा. गेले चार दिवस अंधार पडला तरी तो हलत नव्हता.

"आमचे गुण बदला, साहेब. शून्य लिहा. म्हणाल तिथे सही करते."

"तसं नाही करता येत. आकडे वर गेले." साहेब जरा दुखावले. "मावशी, ही पाटी मिळावी म्हणून लोक धडपडतात."

"मग त्यांनाच द्या की."

साहेब हसले. शिंपीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. या माणसाच्या शर्टाचं माप त्या नुसत्या नजरेने घेऊ शकत होत्या, आणि अकलेचं घ्यायला तर टेप उलगडायचीही गरज नव्हती. एवढा राग त्यांना जावयाचाही कधी आला नव्हता. तो निदान आपण भलं करतोय असं म्हणत नव्हता.

"ताईंना पाठवलंत तरी कुठे?"

"सध्या आमच्या परिषदेच्या बंदोबस्ताला. सुरक्षित वस्त्या हाच विषय आहे. पाहुणे मोठे मोठे येतात, शहर नवं असतं. त्यांना भीती वाटते हो."

मिस्त्री शिडीवर चढला. खालची फरशी उंचसखल होती, शिडी डगमगायला लागली. "अहो, धरा कुणीतरी!" तो वरून ओरडला. साहेबांच्या हातात फोटोसाठी फोन होता, तो त्यांना सोडवेना. शिंपीणबाई उठेपर्यंत कोपऱ्यावरून एक माणूस लगबगीने आला, पायरी चढला आणि त्याने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

आतली सुई थांबली. शिंपीणबाई मशीनवरची मोठी कात्री उचलून दारात आडव्या उभ्या राहिल्या.

साहेबांनी मात्र त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं, फोटोत येत होत्या. मग ते त्या माणसाकडे बघून खूश झाले.

"असा सहभाग पाहिजे! इथलेच का तुम्ही?"

"या घरचा जावई," तो दारातून आत बघत म्हणाला. "तुम्ही जा बिनघोर, साहेब. मी थांबतो आता इथे."