पाहुण्यांची गॅलरी

चेंडू टाकण्याआधी ती पोरगी दर वेळी एकदा वर बघायची. पाहुण्यांच्या गॅलरीत, सर्वांत वरच्या कोपऱ्यात. आणि तिथं तर कुणीच नव्हतं.

रोंडाच्या हे लक्षात आलं आणि मग तिला दुसरं काही दिसेना. तिची लेक ब्रिन यजमान संघातून खेळत होती, पण रोंडाची नजर पाहुण्यांच्या या चेंडू टाकणाऱ्या पिचरवर.

"काय बघते गं ती सारखी?"

"ढग बघत असेल," शेजारी बसलेली डार्ला घोंगडीत आणखी आत शिरत म्हणाली. "तिच्या ॲरिझोनात कुठले आलेत ढग!"

गेल्या वर्षापर्यंत समोरची ती गॅलरी भरलेली असायची. डोंगरापलीकडच्या कॉलेजांतल्या पोरींचे आईबाप आपापल्या गाड्यांतून खुर्च्या-घोंगड्या घेऊन यायचे. दिवसभर इकडून तिकडे टोमणे चालायचे आणि सामना संपला की एकमेकांच्या डब्यातले पेपरोनी रोल. यंदा ब्रिनच्या कॉलेजनं आसपासच्या कॉलेजांचा तो जुना स्पर्धा-गट सोडला आणि फुटबॉलच्या पैशासाठी मोठ्या गटात उडी मारली. त्या गटातली अर्धी कॉलेजं देशाच्या दुसऱ्या टोकाला.

"लग्न फुटबॉलवाल्यांचं," डार्लाचं वर्षभराचं पालुपद होतं, "आणि वरातीत फरफट आपल्या सॉफ्टबॉलच्या पोरींची."

रोंडा उठली.

"कुठं निघालीस?"

"आलेच बघून."

"काय बघतेस? रिकामी बाकं?"

पाहुण्यांच्या बाजूला जाळीला टेकून एक मुलगी बसली होती, गुडघ्याला बर्फ बांधून. एप्रिलच्या गारठ्यात तिचे दात वाजत होते. वेगळा बर्फ कशाला हवा होता, असं रोंडाला वाटून गेलं. तिनं थर्मासमधला कोको ओतून कप जाळीखालून आत सरकवला.

"तुमची पिचर वर काय बघते गं?"

"मारिसोल? तिच्या आईला." मुलीनं कप दोन्ही हातांत धरला. "म्हणजे इथं नाही. आमच्याकडे सामना असला की तिची आई तिथं बसते, वरच्या कोपऱ्यात. सवयच लागलीय तिला. इथं कुणाचीच आई नाही आली, काकू. दोन विमानं बदलावी लागतात."

"आणि तिथं बसून करते काय?"

"ओरडते." मुलगी हसली. "मारिसोल घाबरली की तिचा खांदा वर चढतो. मग आई ओरडते, 'खांदा सोड, राणी!' अख्खं मैदान हसतं. पण पुढचा चेंडू सरळ जातो."

आता परत फिरायचं होतं. पण एवढी इथवर आलोच आहोत, तर तिथून दिसतं तरी काय ते बघावं, म्हणून रोंडा पायऱ्या चढून त्या कोपऱ्यात जाऊन बसली. वारा तिथं जास्त होता. बाकी काही विशेष नव्हतं. फक्त पिचरचा उजवा खांदा नेमका समोर येत होता.

त्या आईनं जागा हेरली होती खरी.

पुढच्या महिन्यात ब्रिनचा संघ परतीच्या सामन्यासाठी ॲरिझोनाला जाणार होता. ब्रिननं बॅट धरली त्या दिवसापासून रोंडानं तिचा एकही सामना चुकवला नव्हता. हा चुकणार होता. वृद्धाश्रमातल्या कामाच्या पाळ्या टाकून इतक्या लांब जाणं जमण्यासारखं नव्हतं. ब्रिननं एकदाच विचारलं होतं, मग "बरं" म्हणून विषय मिटवला होता. ते "बरं" रोंडा अजून विसरली नव्हती.

शेवटचा डाव. दोन्हीकडे सारख्या धावा, यजमानांच्या दोन खेळाडू बाद, तिन्ही बेसवर त्यांच्याच पोरी उभ्या. आणि बॅट घेऊन आली ब्रिन.

मारिसोलचा पहिला चेंडू बाहेर गेला. दुसराही. तिसरा तर जमिनीवरच आपटला. आणखी एक बाहेर गेला की ब्रिनला फुकटचा बेस, त्यातून तिसऱ्या बेसवरचीला फुकटची धाव, आणि सामना खिशात. समोर डार्ला घोंगडी फेकून उभी राहिली होती.

मारिसोलनं वर पाहिलं. कोपऱ्यात कुणीतरी बसलेलं दिसलं, तशी क्षणभर थबकली. तिचा खांदा पार कानापर्यंत चढला होता.

रोंडानं नुसतं गप्प बसायचं होतं.

"खांदा सोड, राणी!"

समोरून डार्लाचा आवाज आला, "अगं ए रोंडा! तू आहेस तरी कुणाची आई?"

मारिसोलनं श्वास सोडला. खांदा उतरला. पुढचे तिन्ही चेंडू सरळ गेले, आणि तिसऱ्याला ब्रिनची बॅट हवेतच फिरली. ब्रिन बाद.

जादा डावात पाहुण्या पोरींनी एक धाव काढली आणि सामना नेला.

ब्रिन बॅग खांद्याला लावून जाळीपाशी आली तेव्हा रोंडा खालीच उभी होती. डार्लानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

"रागावलीस?"

"हो."

"मला राहवलं नाही गं."

"माहितेय." ब्रिननं पाहुण्यांच्या बसकडे पाहिलं. मारिसोल पायरीवर उभी राहून अजून त्या गॅलरीकडेच बघत होती. "तिच्या आईचा नंबर घे तिच्याकडून."

"कशाला?"

ब्रिन बॅगेचा पट्टा ओढत राहिली. तो घट्टच होता.

"आम्ही तिकडे जाऊ तेव्हा," ती म्हणाली, "माझ्या वेळी काय ओरडायचं, ते तिला कुणीतरी सांगायला नको?"