शिशाचे खिळे

इंदूच्या अकरा वर्षांच्या लेकीच्या, जमुनेच्या हिरडीवर, दातांच्या मुळाशी, केसाएवढी निळसर रेघ उमटली होती. तशीच रेघ इंदूने दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या, जानरावांच्या हिरडीवर पाहिली होती. शिसे अंगात भिनल्याची ती खूण तिने तेव्हाच ओळखली. जठारपेठेतल्या घरातच छापखाना होता. शाळा सुटल्यावर जमुना बापासारखीच शिशाचा खिळा, म्हणजे छपाईचे सुटे अक्षर, ओठांत धरून मजकूर जुळवी. “सायक्लोस्टाइल मशीन घेऊ, त्यात शिसं नसते,” नवऱ्याची रेघ पाहून इंदूने तेव्हा सुचवले. जानराव हसले. “मशीनले दर खेपेस स्टेन्सिल लागते, शाई लागते. खिळे जन्मभर पुरतात. बी.एस्सी.त हे नाही शिकवलं तुले?” हिशेब तिने तपासला, बरोबर निघाला आणि तिने मशीनचा विषय सोडून दिला. आज जमुना पोट धरून भिंतीशी पडली होती. नव्या खिळ्यांची यादी लिहिताना जानरावांनी विचारले, “पोरीले काय झालं?” “तुमाले झालं तेच,” इंदू म्हणाली. “खिळे घरातून काढा. मशीनच घेऊ.”