होल्डवरचा वाघ

"हे कोणाला खरं वाटणार नाही, पण मी एका वाघाला साडेतीन तास फोनवर धरून ठेवलं होतं," उल्हासराव कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले आणि थांबले. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीनं, देवयानीनं, ते वाक्य इंग्रजीत करून सांगितलं. लंडनजवळ वॉटफर्डला, देवयानीच्या फ्लॅटमधला हा कार्यक्रम दोनशे चाळीस माणसं आपापल्या स्क्रीनवर लाइव्ह बघत होती. रविवारचे पाच वाजले होते. सहाला मोहीम बंद होणार होती.

मोहीम देवयानीच्या व्हिडिओ गेमसाठी लोकांकडून पैसे जमवण्याची. एक लाइनमन जंगलातून खांबामागून खांब तारा जोडत जातो, असा गेम. ठरलेल्या रकमेचे ब्याण्णव टक्के जमले होते. वेबसाइटचा नियम सरळ होता. शंभर झाले तर सगळे तिचे, नव्व्याण्णव झाले तर सगळे ज्याचे त्याला परत. मग तिनं पुन्हा नोकरी बघायची, असं नवऱ्याशी, वरदशी ठरलं होतं. दीड वर्ष घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चाललं होतं. तो त्याबद्दल काही बोलत नसे. तेच तिला जड जायचं.

तीस दिवस ती डोळे उघडले की आधी आकडा बघत होती. कॉलेजच्या ग्रुपपासून ग्लासगोच्या मावसबहिणीपर्यंत सगळ्यांना लिहून झालं. सगळ्यांनी 'मस्त' म्हटलं, काहींनी पैसेही दिले. 'हा मॅकवर चालेल का?' या प्रश्नाला तिनं एकशे बारा वेळा उत्तर दिलं होतं. आता हसायचं म्हटलं तरी गाल दुखत.

उरले होते बाबा. टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन, नागपूरहून दोन महिन्यांसाठी आलेले. गेम त्यांच्याच गप्पांतून निघालेला. रोज जेवण झालं की तो खेळत बसणारा जगातला एकमेव माणूसही तेच.

तर वाघ खांबाखाली आणि उल्हासराव खांबावर. त्यांनी तारेला जोडलेला रिसीव्हर दोरीनं खाली सोडला. पलीकडे अहेरीच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर सुप्रभाबाई. सगळ्यांना सांगत तेच त्यांनी वाघालाही सांगितलं. लाइन बिझी आहे, थांबा. वाघ बसला. दर दहा मिनिटांनी गुरगुरून चौकशी करायचा. बाई म्हणायच्या, तुमचा नंबर चौथा आहे. साडेतीन तासांनंतरही तो चौथाच होता. वाघ उठला, आणि लेखी तक्रार न करता निघून गेला.

देवयानी इंग्रजीत सांगत होती, स्क्रीनवर माणसं हसत होती. आकडा सरकला. चौऱ्याण्णव. शहाण्णव. सत्त्याण्णव. वरद किचनच्या दारात येऊन उभा राहिला.

लीड्सच्या कोणीतरी लिहिलं, गेम कितपत तयार झालाय?

देवयानीनं आकड्याकडे पाहिलं.

"सेव्हन्टी पर्सेंट," ती म्हणाली.

उल्हासराव तिच्याकडे वळले. "काय सांगून राहिली तू, देवू?"

"बाबा, असू द्या ना." तिनं हसू तसंच ठेवलं होतं.

"अगं, मी रोज खेळतो. तिसऱ्या खांबाच्या पुढं जमीनच नाही. पाय टाकला की माणूस गायब."

आकडा अठ्ठ्याण्णव झाला. स्क्रीनवर एकामागून एक विचारणा आल्या, आजोबा काय म्हणाले? वाघ परत आला का?

"ते म्हणतायत," देवयानीनं इंग्रजीत सांगितलं, "की तिसऱ्या खांबानंतरचा भाग त्यांना सगळ्यात जास्त आवडतो."

उल्हासरावांचं इंग्रजी अडतीस वर्षं फक्त रजेच्या अर्जात वापरलं गेलं होतं. पण कळायचं सगळं. त्यांनी चष्मा सारखा केला, मुलीच्या पाठीवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं माइक आपल्याकडे ओढला.

"नो, नो," ते म्हणाले. "आफ्टर थर्ड पोल, नो ग्राउंड. ओन्ली फॉलिंग."